फक्त कालचं सांगायचं

नर्सबाईंचे नियम दोनच होते. पहिला, उपदेश करायचा नाही. "असं वागू नका, तसं करू नका, हे सांगायला वर्गातल्या पोरांच्या घरी माणसं आहेत, शाळेत आहेत, गल्लीत तर पैशाला पासरी आहेत," बाई म्हणायच्या. "तुम्ही फक्त कालचं सांगायचं. काल सकाळी डोळे उघडल्यापासून काल रात्री पाठ टेकेपर्यंत. बास." दुसरा नियम, बोलणं सुरू झालं की वर्गात मोठं माणूस थांबायचं नाही. म्हणून बाई दार ओढून घेऊन स्वतः व्हरांड्यात स्टुलावर बसायच्या, आणि वर्गशिक्षकांनाही आपल्याबरोबर बाहेर काढायच्या.

आत पोरांसमोर उरायचे लंबू आणि धाकटी. दर शनिवारी, कुठल्या ना कुठल्या लांबच्या शाळेत.

लंबू टायरच्या दुकानात कामाला होता. उंची अशी, की फळ्यासमोर उभा राहिला तर वरच्या कडेची खडूची धूळ त्याच्या केसांना लागायची. धाकटी दोन बहिणींतली धाकटी, म्हणून घरीदारी सगळ्यांची धाकटीच. दोघं लग्नाच्या वयाची व्हायची होती, आणि आई-बाप मात्र होऊन बसली होती. देव देतो तेव्हा घेणाऱ्याचे हात केवढे आहेत ते बघून देतो म्हणतात. या दोघांच्या वेळी त्याची नजर दुसरीकडे असावी, किंवा त्याच्या मनात काही वेगळंच असावं. ते त्यालाच ठाऊक.

"काल ना," लंबू सुरू करायचा, "मी ट्रकच्या चाकात हवा भरत होतो. उस्ताद ओरडला, 'अरे लांबड्या, चाक आहे ते, फुगा नाही!' मी उभ्या उभ्या झोपलो होतो. घोडा झोपतो तसा." पोरं खिदळायची. "हसा, हसा. मीपण हसलो. मग उस्तादनं जे केलं, त्यावर कोणी हसलं नाही." मग तो सांगायचा की दुकान बंद झालं की तो बाजारात पोती उतरवायला जातो, आणि त्याचे जुने मित्र मैदानावर जाताना दुकानावरूनच जातात. "आधी हाक मारायचे. आता मारत नाहीत. भांडण नाही हां काही. सवय मोडली, एवढंच."

मग धाकटीची पाळी.

"काल पहाटे मनी उठली. मनी म्हणजे आमची मुलगी. दूध दिलं, नको. फिरवलं, नको. खाली ठेवलं की टाहो. एका हातावर ती आणि दुसऱ्या हातानं लंगोट धुणं. आंघोळ अर्धी, जेवण उभ्यानं. केस विंचरायला घेतले तर ती पुन्हा रडली, तशीच पळाले. दुपारी आई म्हणते, अगं बये, डोक्यात कंगवा अडकलाय तुझ्या!"

कंगव्यावर मुली हमखास हसायच्या. हसू ओसरलं की एखादी नकळत स्वतःच्या केसांवरून हात फिरवायची.

सगळं खरं होतं. कंगवासुद्धा. फक्त ते काल घडलेलं नव्हतं.

मनी चार महिन्यांची असताना एका दुपारी धाकटीला बसल्या बसल्या डोळा लागला आणि पोर मांडीवरून घरंगळली. कपाळाला टेंगूळ आलं, बाकी काही नाही. देव तारी त्याला कोण मारी. पण धाकटीच्या आईचा धीर सुटला. "पोरीनं पोर सांभाळायचं म्हणजे बुडत्यानं बुडत्याला हात देणं," ती म्हणाली, आणि तिनं थोरल्या लेकीला बोलावून घेतलं.

ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा काही हलला नव्हता. ती घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. तिनं मनीला उचललं, खांद्याशी धरलं आणि धाकटीकडे बघून म्हणाली, "तू शाळा पुरी कर. शेवटची परीक्षा झाली की तुझी मनी तुझ्या ओटीत घालते. शब्द आहे माझा."

"आणि तोवर लोकांत बोभाटा नको," आईनं पुस्ती जोडली. "पोर ताईला आई म्हणेल, तुला मावशी. माय मरो पण मावशी उरो म्हणतात. काय बिघडतं?"

तेव्हा काही बिघडल्यासारखं वाटलं नाही. धाकटी त्या रात्री झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर उठली.

नर्सबाईंना वाटायचं, पोर बहिणीकडे जाऊन-येऊन असते. धाकटीनं तसं वाटू दिलं. कारण तिचा खरा काल सांगण्यासारखा नव्हताच. उठले, शाळेत गेले, आले, अभ्यास केला, झोपले. हे ऐकून कोणाला काय कळणार?

पण एका शाळेत मात्र पंचाईत झाली. मागच्या बाकावर नखं कुरतडणारी एक मुलगी बसली होती. लंबूच्या गोष्टीला ती हसली नव्हती, कंगव्यालाही नाही. धाकटीचं संपलं तशी ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "तुमचे केस तर किती छान विंचरलेत."

वर्गात खसखस पिकली.

"आज शनिवार ना," धाकटी म्हणाली. "आज वेळ मिळाला."

"आणि बाळ कुठंय आत्ता?"

"बहिणीकडे."

"रोज बहिणीकडेच असते ना?" मुलीनं तोंडातून बोट काढलं. "मग तुम्हाला कसला त्रास? माझ्या मावशीला मूल नाही. ती तर आनंदानं सांभाळेल."

या वेळी कोणी हसलं नाही. ती हे नुसतं बोलत नव्हती, कुठंतरी हिशेब करून बसली होती, हे धाकटीला उमगलं.

"माझी परीक्षा झाली की ती घरी येणार आहे," एवढंच ती बोलू शकली. "मग सांगेन. पुन्हा येणारच आहोत आम्ही."

प्रत्येक वर्गाला दोन शनिवार, अशी बाईंची रीतच होती.

परीक्षा झाली. शेवटचा पेपर देऊन आली त्या संध्याकाळी धाकटीनं माळ्यावरचा लाकडी पलंग उतरवला. लंबूनं त्याची चाकं तेल घालून पळती केली. जुनी ट्यूब कापून त्यानं एक बेडूकही केला होता. पोट दाबलं की तो 'पींऽ' करायचा.

"बाप आहेस का खेळणीवाला?" धाकटीच्या आईनं टोमणा मारला.

"आत्ता तरी खेळणीवालाच, काकू," लंबू म्हणाला. "बघू, बढती मिळते का."

धाकटी हसली. त्या दिवशी ती कशालाही हसत होती.

मनीला जवळ घेण्याची भीती तिला नव्हती. तिची एक युक्ती होती. दर रविवारी ती ताईकडे जायची, तेव्हा सुरुवातीला मनी तिच्या हातात दोन घटकाही टिकत नसे. मग एकदा थंडी होती म्हणून तिनं ताईची तपकिरी शाल अंगावर घेतली. त्या शालीला मशीनच्या तेलाचा आणि धुण्याच्या साबणाचा वास होता. मनीनं त्या शालीत नाक खुपसलं आणि गपगार झोपली. तेव्हापासून दर रविवारी धाकटी गेल्या गेल्या खुंटीवरची ती शाल पांघरायची. ताई गुणगुणायची तसंच गुणगुणायची. मनी कुशीत शिरली की तिला वाटायचं, जमलं. रक्त रक्ताला ओळखतं म्हणतात ते खोटं नाही.

ती आणायला गेली तेव्हा ताईनं पिशवी भरून दारातच ठेवली होती. मागं-पुढं करणं नाही, डोळ्यांना पदर नाही. शब्द दिला होता, तो ती पाळत होती.

"डाव्या कुशीवर झोपते," ताई म्हणाली. "अंधार चालतो, दार लावलेलं चालत नाही. दुधात साखर घालू नकोस, एकदा सवय लागली की संपलं. खोकला आला तर पाठीवरून हात फिरव. वरून खाली. आणि ही घे." तिनं खुंटीवरची शाल काढून पिशवीत कोंबली. "हिच्याशिवाय झोपत नाही ती."

भाऊजी जमिनीवर बसून मनीच्या तीनचाकीचा स्क्रू पिळत होते. स्क्रू केव्हाच घट्ट झाला होता.

"अहो, पुरे," ताई म्हणाली.

"सैल राहिला तर पडेल ती," भाऊजी म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही.

मनी बकलाचे बूट घालून तयार होती. फिरायला जायचं म्हणून खुशीत होती. "मावशीकडे? राहायला?" तिनं विचारलं. मग ताईचं बोट धरून, "आईपण?"

"तू हो पुढं," ताई म्हणाली. "मी मागून येते."

आयुष्यात ताई त्या पोरीशी एवढं एकच खोटं बोलली असेल.

मनीनं ते खरं धरलं. आई मागून येणार आहे, मग बूट कशाला काढायचे? घरी आल्यावर ती उंबऱ्यापाशी बसली, पाय पुढं करून, बूट तसेच. धाकटीनं बकलाला हात लावला तर तिनं पाय आखडून घेतले. रडली नाही. "आई येते ना आत्ता," असं समजुतीच्या सुरात म्हणाली, जणू धाकटीलाच काही कळत नव्हतं.

दिवेलागण झाली. धाकटीनं शाल काढून पांघरली, गुणगुणत मनीला उचललं. मनीनं नेहमीसारखं नाक खुपसलं, अंग सैल सोडलं. धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण मग मनीनं मान वर करून तिच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि शालीचं टोक ओढायला लागली.

"ही आईची आहे. मावशी, काढ."

"अगं, आईनंच दिलीय मला."

"काढ ना. आईला लागेल."

धाकटीनं शाल काढली. मनीनं ती गोळा करून छातीशी धरली आणि तिच्या मांडीवरून उतरून पुन्हा उंबऱ्यापाशी जाऊन बसली. तेव्हा धाकटीला कळलं. एवढे रविवार पोर तिच्याकडे येतच नव्हती. ताईचा वास घालून, ताईचं गुणगुणणं चोरून, तिनं दर रविवारी पोरीला ताईच्याच कुशीत निजवलं होतं. स्वतःच्या हातानं, मन लावून.

दुसऱ्या दिवशी लंबू बेडूक घेऊन आला. वाकून वाकून मनीएवढा झाला. "पींऽ," बेडूक म्हणाला. मनी थोडंसं हसली.

"थँक्यू, काका," ती म्हणाली. ताईनं चांगलं वळण लावलं होतं.

लंबू बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकटीची आई त्याच्यासाठी आणलेला चहा तसाच परत घेऊन गेली. टोमणा मारला नाही.

तिसऱ्या दिवशी मनीनं विचारणं बंद केलं. दिलं ते खाल्लं. बूट काढू दिले. हाक मारली की यायची, सोडलं की एका जागी बसायची. दुपारी पलंगावर अगदी कडेला झोपली, दुसऱ्याची जागा अडू नये अशी. धाकटीची आई म्हणाली, "बघ, रुळली हो पोरगी. उगाच जिवाला घोर लावून घेत होतीस."

हट्ट करणारं, अंगावर धावून येणारं पोर घरचं असतं. हे तर पाहुणं होतं.

त्या संध्याकाळी तिनं लंबूला अंगणातच गाठलं. "मी तिला उद्या परत नेऊन सोडणार आहे."

"डोकं फिरलंय का तुझं?" लंबू म्हणाला. "तीन दिवस तर झालेत. होईल की सवय. नवा टायरसुद्धा आधी आवाज करतो."

"होईल रे सवय. मला माहितीय. मलापण झाली होती ना. पोर घरात नसायची सवय." तिचा आवाज चढला नाही, तो चढतच नसे. "आधी उशाशी हात चाचपायचे. मग चाचपायचं थांबले. तिचीपण अशीच होईल. आई नसण्याची. माझ्यामुळं दोघींना कशाला?"

लंबूनं हातातला पाना खिशात घातला. "आपण मोठे होईपर्यंत ती थांबली नाही," तो म्हणाला.

"पोरं थांबत नाहीत," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी तिनं बूट आणले तसे मनीनं न सांगता दोन्ही पाय पुढं केले. वाटेत तिनं चकार शब्द काढला नाही. ताईची गल्ली आली आणि मशीनचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा मात्र धाकटीच्या हातातलं ते एवढंसं बोट निसटलं आणि पोर धावत सुटली.

दार उघडंच होतं. ताई मशीनवर बसली होती, पाय चालत होते, सुई खालीवर होत होती. सुईखाली कापड नव्हतं.

मनी तिच्या पाठीवर जाऊन आदळली आणि तीन दिवसांचं सगळं रडणं तिनं तिथं मोकळं केलं. मारलं, ओरबाडलं, "मागून येते म्हणालीस, मागून येते म्हणालीस," असं हुंदक्यात म्हणत राहिली. ताईनं तिला घट्ट धरलं आणि तिच्या डोक्यावरून दारात उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. तिला विचारायचं होतं, पण विचारायचं धाडस होईना.

"ठेव तिला, ताई," धाकटी म्हणाली. "कायमची."

"धाकटे, शब्द दिला होता मी तुला."

"तू पाळलास की. आता मी मोडते."

तिनं पिशवी आत ठेवली आणि शाल खुंटीवर लावली. ती निघाली तशी मनीनं ताईच्या खांद्यावरून ओलं तोंड वर काढलं, शेवटी मनासारखं झालं होतं म्हणून दिलदार झाली आणि म्हणाली, "मावशी, टाटा. रविवारी ये हां."

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. नर्सबाईंनी नेहमीसारखं दार ओढून घेतलं. लंबूनं तोंड उघडलं, पण घोड्याची गोष्ट काही बाहेर आली नाही. त्यानं खिशात हात घातला आणि 'पींऽ' असा आवाज झाला. मनी बेडूक पलंगावरच ठेवून गेली होती. पोरं फिस्सकन हसली. लंबू ओशाळून बाकावर बसला.

मग धाकटी उभी राहिली आणि तिनं कालचं सांगितलं. खराखुरा काल. बूट, गल्ली, मशीन, शाल. कुठंही मीठमसाला लावला नाही. "आधी जे सांगितलं होतं ते जुनं होतं," ती म्हणाली. "रात्री जागणं, लंगोट, कंगवा. त्याचा त्रास होतो असं मला वाटायचं. तो तर मिळायला हवा होता."

मागच्या बाकावरची मुलगी आज नखं खात नव्हती. हात बाकाखाली होते.

"मग काल रात्री?" तिनं विचारलं.

"काल रात्री मी झोपले. गाढ. कोणी उठवलं नाही. सकाळी आईनं चहा दिला, तो गरम असताना प्यायला मिळाला. मग आरशासमोर बसून केस विंचरले." तिनं मान खाली घातली, सगळ्या वर्गाला दिसावं म्हणून. "बघा. भांगसुद्धा सरळ आलाय."



"मोठी झाल्यावर विचारेल की ती तुम्हाला," मागची मुलगी म्हणाली. आवाज बारीक झाला होता, आता ती विचारत नव्हती, विनवत होती. "तुम्ही तिच्या कोण म्हणून?"

"का विचारेल?" धाकटी मऊ स्वरात म्हणाली. "तिला ठाऊक आहे. मी तिची मावशी."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. बाहेर व्हरांड्यात पळापळ सुरू झाली. लंबूनं बेडूक खिशातून काढून रुमालात गुंडाळला, आवाज होऊ नये असा, आणि दोघं निघाली. दाराशी धाकटीनं एकदा मागं वळून पाहिलं. ती मुलगी अजून बाकावरच होती, दप्तर पोटाशी घट्ट धरून.

"बाई," धाकटी बाहेर येऊन नर्सबाईंना म्हणाली, "मागच्या बाकावरच्या मुलीशी तुम्ही बोला. आजच बोला. उपदेश करू नका."

"आणि तू? पुढच्या शनिवारी येशील ना?"

धाकटीनं होकारार्थी मान हलवली. रविवार मध्ये होता. रविवारी तिला बोलावणं होतं.